माडीवरच्या बाईबद्दल खुलासा

शीतलनं आधी ‘किल्ला’ लिहिलं होतं. मग ते खोडून ‘गढी’ लिहिलं. पुढं जे झालं ते या एका शब्दापायी.

ती तेव्हा हिंगोलीत बसस्टँडसमोरच्या मुन्नाच्या सायबर कॅफेत काम करायची. तिचं गाव पुसेगावच्या पलीकडं, डांबर संपल्यावर आणखी आत. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं यायचं. तिच्याबरोबर बी.ए. झालेल्या मुलींची लग्नं होऊन गेली होती. तिचे वडील ग्यानोबा गावच्या शाळेत शिपाई होते. पोरगी शिकली तर तिला थोडं बाहेर राहू द्यावं, असं त्यांना वाटायचं. आईला, जनकाबाईला, तसं वाटत नव्हतं.

“रोज गाडी, रोज गाडी,” ती भाकरी थापता थापता म्हणायची. “घराला काटे हायेत का काय?”

घराला काटे नव्हते. पण घरातून समोरची भिंत दिसायची आणि गाडीतून रस्ता दिसायचा. हे आईला सांगून समजलं नसतं, म्हणून शीतल डबा उचलायची आणि निघायची.

दुपारी कॅफेत गिऱ्हाईक नसायचं. निकाल बघणारी पोरं, अर्ज टाइप करून घेणारे गुरुजी, सगळे सकाळी येऊन जायचे. मग मुन्ना खुर्चीतच पेंगायचा आणि शीतल कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर खेळत बसायची. हे वेड जुनं होतं. ती लहान असताना तिचा भाऊ धम्मदीप टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम कुठूनतरी मागून आणायचा. त्यातल्या एका कॅसेटवर ‘ब्लॅकमोर्न’ नावाचा खेळ होता, त्या मालिकेतला दुसरा भाग. काळं आकाश, टोकदार मनोरे, हातात कंदील आणि तलवार घेतलेला एक इवलासा माणूस. धम्मदीप पुढं पुण्याला कंपनीत लागला. खेळ शीतलकडं राहिला. मालिकेचे भाग निघत राहिले, आणि मुन्नाच्या दुकानात सहाव्याची सीडी आली, तोवर ती त्या खेळांवर पेपरात लिहायला लागली होती.

विभागीय पेपरच्या शुक्रवारच्या पुरवणीत कॉम्प्युटरबद्दल काहीतरी हवं होतं. त्यांनी मुन्नाला विचारलं. मुन्ना म्हणाला, “मेरे को बोलना आता, लिखना नहीं आता. ये लड़की लिखेगी.” तेव्हापासून ती लिहीत होती. बाहेर पडायला हे एक कारण झालं होतं, आणि घरात ते चालत होतं, कारण पेपरात नाव येत होतं. ग्यानोबा ते कात्रण शाळेच्या कपाटाला आतून चिकटवायचे.

सहाव्या भागाबद्दल लिहिताना ती ‘किल्ला’ शब्दापाशी अडली. किल्ला म्हटलं की वाचणाऱ्याला तोफा, झेंडा आणि शाळेची सहल आठवणार. ब्लॅकमोर्नमधली जागा तशी नव्हती. ती एका घराण्याची होती. खाली वस्ती, वर ती, आणि वस्तीतला प्रत्येक माणूस मान वर न करता चालणारा. अशा जागेला आपल्याकडं शब्द आहे. तिनं तो लिहिला. इंग्रजीतला ‘काउंट’ होता, त्याला ‘मालक’ लिहिलं.

“या गढीचा मालक मरत नाही,” तिनं लिहिलं. “दर भागात त्याला मारावं लागतं आणि दर भागात तो परत येतो. या वेळी चित्रं फार सुंदर आहेत. भिंतींवर ओल दिसते, कंदील हलला की सावल्या लांब होतात. पण कीबोर्डवर उडी आणि तलवार एकदम दाबता येत नाही, त्यामुळं जिन्यांवर विनाकारण मरायला होतं. माडीवर जाळीच्या खिडकीआड एक बाई कोंडलेली आहे. आपण खालून जाताना ती पाहते. तिच्या दाराशी गेलं तर तिथं हत्यार मिळत नाही, औषध मिळत नाही. म्हणून खेळणारे तिकडं जात नाहीत.”

खेळ तिनं पुरा केला नव्हता. भारनियमन होतं. शेवटच्या मजल्यावर पोचली की लाइट जायची. पुरवणीला मजकूर तर द्यायचा होता.

शुक्रवारी पेपर आला. पुरवणीवाल्यांनी वर मथळा टाकला होता, ‘गढीच्या माडीवर कोंडलेली बाई’. खेळाचं चित्र इतकं काळं होतं, की छापताना नुसता चौकोन उमटला होता.

गावातल्या हॉटेलात तो लेख मोठ्यानं वाचला गेला.

“ग्यानोबाच्या पोरीनं लिवलं व्हय?”

“व्हय. खाली नाव हाय की.”

“आता माय. पार माडीपोतर गेली.”

“पर ही तलवार कुठून आली मधीच?”

“ते मीठ-मसाला. पेपरवाले लावतेत.”

गावात गढी एकच होती. पांढऱ्या मातीच्या उंच भिंती, वर माडी, माडीला जाळीची खिडकी. तिथले मालक तात्यासाहेब म्हणजे ग्यानोबांच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. आणि माडीवर सूनबाई मंजुषा राहायची. तिचा नवरा मुंबईत होता. एकदा ती कुणाला न विचारता माहेरी जवळा बाजारला निघून गेली होती. तिला परत आणल्यापासून ती गावात कुणाला दिसली नव्हती. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. शीतलच्या तर ते लिहिताना मनातही नव्हतं.

संध्याकाळी गाडीतून उतरली तर वडील फाट्यावर उभे होते.

“बोलावलंय,” ते म्हणाले.

गढीच्या दारातून आत जायची शीतलची ती पहिली वेळ. ग्यानोबा चौकाच्या कडेला उभे राहिले, म्हणून तीही उभी राहिली. तात्यासाहेब झोपाळ्यावर पेपर मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

“मी मरत न्हाई म्हणून लिवलंस.”

“ते तुमी न्हाई मालक. खेळातला हाय. बाहेरदेशचा.”

“बाहेरदेशात गढी असती व्हय?”

ग्यानोबा म्हणाले, “लेकरू हाय मालक. चुकलं.”

“चुकलं तर खुलासा छापा. पुढच्या शुक्रवारी.” त्यांनी बोटानं हवेत एकेक शब्द ठेवल्यासारखं सांगितलं. “आमच्या गावच्या गढीतील सूनबाई पूर्णपणे मोकळ्या असून, त्या कुठंही जातात-येतात. बराबर असंच. न्हाईतर ग्यानोबा, पोरगी घरी बसवा. तिचं हिंगोलीला काय काम हाय मला कळत न्हाई.”

मग त्यांनी आत बघून आवाज दिला. सूनबाई आहेत हे पाहुण्यांना दिसावं म्हणून चहा तिच्याच हातून आला. तात्यासाहेबांना कपबशी, ह्या दोघांना प्लास्टिकचे कप. मंजुषा शीतलपेक्षा फार मोठी नव्हती. कप देताना ती वाकली, तेवढ्यात ओठ न हलवल्यासारखं बोलली.

“ती सुटते का शेवटी?”

“कोन?”

“माडीवरची.”

शीतल म्हणाली, “माहीत न्हाई, वहिनी. मी अर्धाच खेळले.”

मंजुषानं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही. दुकानात एखादी वस्तू संपली म्हटल्यावर बघतात, तसं.

त्या आठवड्यात शीतल दुसरं काही करत नव्हती. मुन्ना म्हणाला, “अरे, तू तो अंदर ही घुस गई. बाहर आ, फॉर्म भरनेवाले खड़े हैं.” तिनं फॉर्म भरून दिले आणि परत बसली. लाइट गेली की थांबायची, आली की पुन्हा पहिल्या जिन्यापासून चढायची. शेवटी एका दुपारी मालक मेला. गढी हादरली, मनोरे एकेक करून खाली आले, कंदीलवाला पळत वेशीबाहेर पडला. मग सूर्य उगवला आणि खेळ बनवणाऱ्यांची नावं वर सरकायला लागली. शीतल ती संपेपर्यंत बसली. बाईचं काहीच आलं नाही. ती माडीवर होती आणि माडी पडली होती, एवढंच. तिचं पुढं काय झालं हे दाखवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

तिनं खुलासा लिहिला. तात्यासाहेबांचं वाक्य जसंच्या तसं घातलं. तिचं हिंगोलीला जाणं त्यावरच टांगलं होतं. त्याच्याखाली लिहिलं, “मी हा खेळ अर्धा खेळून मत दिलं होतं, ते चूक होतं. आता पूर्ण खेळले. माडीवरच्या बाईला खेळ विसरून जातो. सहा भाग काढणाऱ्यांकडून ही अपेक्षा नव्हती. हा या खेळाचा सगळ्यांत मोठा दोष आहे.”

ते छापून आलं. तात्यासाहेबांनी वाचलं आणि ग्यानोबांना शाळेत निरोप दिला, “झालं.” जनकाबाईनं शीतलची मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. शीतलला वाटलं, आपण वाचलो.

पण गावानं ते वाक्यही पहिल्या लेखासारखंच वाचलं, म्हणजे शब्दाला शब्द. हातपंपावर बाया म्हणायला लागल्या, “कुठंही जातात-येतात तर कुठं जातेत? दिसत तर न्हाईत.” तात्यासाहेबांना कुणी तोंडावर विचारलं नाही. मात्र गढीवरून जाताना मान वर करून माडीकडं बघायची एक सवय गावाला लागली.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. हिंगोलीत दसऱ्याचं प्रदर्शन भरलं होतं, आकाशपाळणे लागले होते, गाड्यांना गर्दी होती. सकाळी शीतल गढीवरून फाट्याकडं निघाली होती. तात्यासाहेब बाहेरच्या ओट्यावर चार माणसांत बसले होते. आतून मंजुषा आली. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी.

“मामंजी, प्रदर्शन बघून येते. शीतल हायच संग.”

तात्यासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग बसलेल्या माणसांकडं. त्यातला एक म्हणाला, “जाऊ द्या की, तात्या. पेपरात आलंच हाय.” दुसरा खोकला आल्यासारखं हसला.

“द्वारकाबाईला घेऊन जा,” तात्यासाहेब म्हणाले. द्वारकाबाई ही गढीवरची जुनी कामकरीण. मग त्यांनी शीतलला जवळ बोलावलं आणि तिलाच ऐकू जाईल असं सांगितलं, “तुझ्या भरवशावर सोडतोय. सांजच्या गाडीनं माघारी आणायचं. न्हाईतर तुझी हिंगोली आजपासून बंद समज.”

गाडीत मंजुषा खिडकीपाशी बसली. सोयाबीनची काढणी सुरू होती. ती नुसती बघत राहिली. द्वारकाबाईनंच तोंड चालू ठेवलं.

“किती दिसांनी गाडीत बसून राहिले माय. पहिल्यावानी हदरेच देती.”

हिंगोलीला उतरल्यावर मंजुषा कॅफेत आली. तिला तो खेळ बघायचा होता. शीतलनं लावून दिला. पडद्यावर काळं आकाश आलं, वस्ती आली, मग वर जाळीची खिडकी. मंजुषा पडद्याच्या अगदी जवळ गेली.

“हिला बोलता येत न्हाई?”

“न्हाई. नुसती बघती.”

“बरं,” मंजुषा म्हणाली आणि उठली.

प्रदर्शनाला जायचं तर स्टँडमधून आडवं जाता यायचं. फलाटावर औंढ्यावरून जवळा बाजारला जाणारी गाडी लागली होती. मंजुषा पाटीसमोर थांबली. द्वारकाबाई बाकड्यावर टेकली आणि तिनं पिशवीतनं भजी काढली.

“मी चढले तर तुझं काय व्हईल?” मंजुषानं विचारलं.

शीतलनं खोटं सांगितलं नाही. “घरी बसवतील.”

“पेपरात लिवायचं?”

“ते बी बंद.”

मंजुषानं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ती शीतलच्या तोंडाकडं बघत होती. आपण नको म्हटलं असतं तर मंजुषा थांबली असती, हे शीतलला कळत होतं. कंडक्टर दारात उभा राहून घंटीची दोरी चाचपत होता. रस्त्यापलीकडं मुन्नाच्या दुकानाची पाटी दिसत होती. तिच्यावरची अक्षरं शीतलनंच काढून दिली होती.

“गाडी सुटायला आली, वहिनी,” ती म्हणाली.

मंजुषा चढली. गाडी वळून बाहेर पडेपर्यंत द्वारकाबाई भजी खात होती. मग तिनं कागद चुरगाळला.

“उनात माला काईच दिसत न्हाई,” ती म्हणाली. “तुला इचारलं तर सांग, म्हातारी आंधळी हाय म्हनून.”

संध्याकाळच्या गाडीनं त्या दोघी परतल्या. तात्यासाहेब ओरडले नाहीत. गावात तमाशा त्यांना नको होता. सूनबाई माहेरी दसऱ्याला गेल्या, असं त्यांनीच सांगायला सुरुवात केली. जवळा बाजारहून निरोप आला की मंजुषा येणार नाही, आणि तिचे भाऊ या वेळी तिच्या बाजूनं होते. ग्यानोबांची नोकरी राहिली. शीतलचं हिंगोलीला जाणं थांबलं. ते कुणी पुन्हा तोंडानं सांगितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डबा भरला नाही आणि जनकाबाईनं तो का भरला नाही हे विचारलं नाही.

पेपर येत राहिला. पुरवणीत तिच्या जागी आता मोबाइलच्या जाहिराती असायच्या. गाडीचा हॉर्न फाट्यावरून घरात ऐकू यायचा. त्या वेळेला ती मुद्दाम भांडी काढायची. शाळेच्या कपाटातलं जुनं कात्रण ग्यानोबांनी मात्र काढलं नाही.

पुढं धम्मदीपनं पुण्याहून तिला एक साधा मोबाइल आणून दिला. एका दुपारी त्यावर मुन्नाचा फोन आला.

“शीतल, सातवां पार्ट आया. पुरवणीवाले पूछ रहे, कोई लिखेगा क्या.”

“मी कशी लिहू? खेळायला कुठंय?”

“मैं खेलता, तू सुन. जो दिखता वो बोलता जाऊंगा.”

ती उठून दाराशी गेली, तिथं आवाज नीट यायचा. समोर भिंत होती. मुन्ना बोलायला लागला. वस्ती आहे, जिना आहे, मालक फिर से जिंदा हो गया. ती मध्ये मध्ये विचारत होती. सावली हलते का, उडी आणि तलवार एकदम दाबता येतं का. मग तिनं माडीबद्दल विचारलं.

“रुक.” पलीकडं कीबोर्डचा आवाज आला. “खिड़की है. औरत नहीं है.”

“नीट बघ. दार कसं हाय तिथलं?”

“जा रहा हूँ, जा रहा हूँ. बहुत सीढ़ी है रे.”

ती फोन कानाला धरून उभी राहिली. तो जिना चढत होता. मग पलीकडं पंखा बंद पडत गेल्यासारखा आवाज झाला.

“लाइट गई,” मुन्ना म्हणाला.

“थांबते मी,” शीतल म्हणाली.