बेताचं हाय

भाईंदरच्या गोडदेव गावात कुणाचीही हळद असो, टोप उतरवायच्या आधी आचारी आबांना शोधत यायचा. आबा तळहात पसरायचे, आचारी पळीतून थोडा रस्सा त्यावर सोडायचा. आबा तो चाटायचे, डोळे मिटायचे आणि मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "मीठ बेताचं हाय." मग पंगत बसायची.

हा मान त्यांना कुणी दिला नव्हता, पण काढून घ्यायची कुणाची छातीही नव्हती. आबांच्या घराण्याचा मिठागरात वाटा होता. आता तिथे टॉवर आहेत आणि टॉवरच्या खाली पार्किंग. मीठ गेलं, आबांची जीभ राहिली. त्या जिभेवर शब्दही एकच. तब्येत कशी? "बेताची हाय." सून कधी आणताय? "बेतानं होईल." नगरसेवकाबद्दल विचारलं तर थोडा विचार करून, "अळणी."

माझं नाक्यावर छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, बॅनर, झेरॉक्स. मी कोकणातला, इथे येऊन वसलेला, पण आबांनी मला पहिल्या दिवसापासून गावातलाच धरलं. रोज सकाळी येऊन स्टुलावर बसायचे, फुकटात पेपर वाचायचे आणि छापलेल्या पत्रिकांतल्या चुका काढायचे. वर म्हणायचे, "तुझ्या शाईत मीठ कमी हाय रे."

त्यांना एकच मुलगा. बायको मागेच गेली होती. मुलगा शिकला, कॅनडात मोठ्या बांधकाम कंपनीत लागला. त्याचा फोटो आबांच्या मोबाइलवर होता, बर्फात, डोक्यावर पिवळं हेल्मेट. तो फोटो त्यांनी मला इतक्यांदा दाखवला होता की रस्त्यात भेटला असता तर मीच त्याला आधी ओळखलं असतं.

एका सकाळी आबा आले ते स्टुलावर बसले नाहीत. मोबाइल पुढे करून म्हणाले, "याची परिंट काढ." विमानाचं तिकीट होतं. बिजनेस क्लास. मागे झेरॉक्सला उभा असलेला मेडिकलवाला मान लांब करून बघत होता. तो ओरडलाच, "क्या बात है आबा! बिजनेस क्लास! बेटे ने तो कमाल कर दिया!"

आबा म्हणाले, "हां. बेताचं हाय."

मेडिकलवाला गेल्यावर ते काउंटरवर वाकले. मुलगा कामावर उंचावरून पडला होता. श्वासाच्या मशिनीवर होता. तिकीट मुलाने नव्हे, कंपनीने पाठवलं होतं, आणि कागदपत्रंही त्यांनीच भराभर करून दिली होती. मी तोंड उघडलं तोच त्यांनी माझ्या तोंडासमोर हात आडवा धरला.

"कोनाला बोलू नको. दृष्ट काढाया चाललोय. दृष्ट काढायची असंल तर गप जायाचं, गप यायाचं."

पिशवीतून त्यांनी पुरचुंडी काढली. आत जाडं, करडं मीठ आणि मोहऱ्या. भाईंदरला अजून जी थोडी आगरं उरली आहेत, तिथून ते मीठ आणलं होतं. पोराला ज्या मातीतली नजर लागली, तिथलंच मीठ हवं, असा त्यांचा हिशेब.

"आता एक काम कर. ह्ये तिकीट बिजनेसवाल्यांचं हाय. कोनी इचारलं, तुझा बिजनेस काय, पिशवीत मीठ कशापायी, तर काय सांगू? मना कार्ड छापून दे."

मी सांगितलं, आबा, तसं नसतं. ते नुसतं महागाच्या सीटचं नाव आहे. पाय पसरून झोपता येतं, एवढंच. धंदा कुणी विचारत नाही.

"तुला काय ठावं? तू गेलायस?"

गेलो नव्हतो. मी निमूट कॉम्प्युटरवर बसलो. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. त्यांचं पूर्ण नाव मी पहिल्यांदाच टाइप केलं. खाली लिहिलं, 'मीठ उत्पादक व व्यापारी, गोडदेव, भाईंदर (पूर्व)'. उत्पादक म्हणजे काय, त्यांनी विचारलं. पिकवणारा, मी म्हटलं. त्यांनी कार्डावरून अंगठा फिरवला. "आता पिकवत न्हाय. पन असू दे."

ते निघाले तेव्हा नाक्यावर लोक जमले होते. बातमी मेडिकलवाल्याने पसरवली होती. कुणी हार आणला, कुणी म्हणालं, आबा, आता मडम घेऊनच या. रिक्षात बसलेले आबा सगळ्यांना हात हलवत होते आणि दुसऱ्या हाताने पुरचुंडी धरून होते. हसणाऱ्या त्या गर्दीत मी एकटा रडवेला उभा होतो, आणि लोकांना वाटलं मला हेवा वाटतोय.

पुढचं मला त्यांनीच सांगितलं, परत आल्यावर. तसे ते सलग बोललेच नाहीत. स्टुलावर बसायचे, तुकडा सांगायचे, उठून जायचे.

विमानात कुणी काही विचारलं नाही. शेवटी त्यांनी आपणहूनच हवाईसुंदरीला कार्ड दिलं. तिने ते वाचलं, हसली, आणि जेवणाच्या ताटातली अंगठ्याएवढी काचेची मीठदाणी उचलून त्यांच्या हातावर ठेवली. आबांनी चाखून बघितलं. "पीठ हाय रे ते. मीठ न्हाय." मग तिने सीटची गादी केली, चादर घातली. इतक्या मऊ जागेत ते आयुष्यात झोपले नव्हते, आणि तेव्हाही झोपले नाहीत.

दवाखान्यात मुलाबरोबर काम करणारा एक मराठी मुलगा होता. त्याने नर्सला विचारलं. ओवाळू द्या म्हणाली, पण जाळ करता येणार नाही, इथे प्राणवायू आहे. आबांनी मूठ पोरावरून फिरवली, आली गेली, घरची दारची सगळी नजर त्यात घेतली. पण ती टाकायची कुठे? विस्तव नाही. मूठ तशीच आवळून, न बोलता, ते बाहेर रस्त्यावर आले.

"तर रस्त्यावर मीठच मीठ," आबा म्हणाले. "बर्फ जावा म्हनून टाकतात. गाड्या जातात त्याच्यावरून. मान्सं पाय देतात."

आपल्याकडे म्हणतात, सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी उचलावं लागतं. आबा त्या फुटपाथवर बराच वेळ उभे राहिले. "एवढं कोन उचलनार रे? मी बी माझी मूठ तिथंच सोडली. तडतडलं न्हाय, काय न्हाय. त्यातच मिसललं. ओलखता बी येईना माझं कुठलं."

मुलगा दुसऱ्या दिवशी गेला.

कंपनी मोठी. परतीचं तिकीटही बिजनेस क्लासचंच दिलं. पेटी त्याच विमानात खाली होती. पुन्हा कुणीतरी गादी केली, चादर घातली, उशी दिली. आबांनी हातानेच नको म्हटलं आणि सीट सरळ करून घेतली. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. "पोर खाली थंडीत आडवा. मी वर गादीवर कसा आडवा होऊ?" मुंबई येईपर्यंत ते ताठ बसून होते.

तेराव्याला मांडव घातला होता. सगळा गोडदेव आला होता, हार आणणाराही आणि मेडिकलवालाही, माना खाली घालून. वालाच्या भाजीचा टोप उतरवायची वेळ झाली आणि आचाऱ्याने जन्माच्या सवयीने पळी भरून आबांसमोर धरली. धरली आणि त्याच्या लक्षात आलं, आज कुणाचं जेवण आहे ते. पण तोवर आबांनी तळहात पसरला होता.

त्यांनी चाटलं. डोळे मिटले. उघडले. पुन्हा हात पुढे केला, पुन्हा चाटलं. "अळणी हाय," म्हणाले आणि मूठभर मीठ टोपात टाकलं. ढवळून पुन्हा चाखलं. पुन्हा मूठ. आचाऱ्याने माझ्याकडे बघितलं. अडवू नको, अशी मी मान हलवली. आबांनी तिसरी मूठ टाकली तरी त्यांच्या जिभेला काही लागलं नाही. मग ते पळी ठेवून हळूच म्हणाले, "मना समजत न्हाय रे. वाढा."

पंगत बसली. पहिला घास तोंडात गेला आणि सगळ्यांच्या नजरा पानात गेल्या. भाजी तोंडात धरवत नव्हती. कुणी पाणी मागितलं नाही. वाढपी पुन्हा आला तर कुणी पानावर हात आडवा धरला नाही.

आबा पंगतीतून फिरत होते, एकेकापुढे थांबत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा तेच विचारत होते.

"मीठ कसं हाय?"

"बेताचं हाय, आबा," मेडिकलवाला मराठीत म्हणाला. त्याच्या शेजारचाही तेच म्हणाला. मग माझी पाळी आली.