यादीबाहेरचं पुस्तक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेत सुरुवात करायचो, पण 'माझ्या चुकांची क्षमा कर' असं मोघम म्हणून पुढे सरकायचो. मोघम बोलायला काय जातं? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. आणि आता मला माझाच वैताग आलाय, म्हणूनही.

मी निवृत्त शिक्षक. कामतघरला राहतो. आमची प्रोटेस्टंट मंडळी लहानशी, सगळे एकमेकांना ओळखणारे. तिथे मला मास्तर म्हणतात. शास्त्रातलं काही अडलं की 'मास्तरांना विचारा.' हे वाक्य ऐकायला मला फार आवडायचं. अजूनही आवडतं — तिथेच सगळी गोम आहे.

आधी पुस्तकाचं सांगतो. कॅथलिकांच्या बायबलात, जुन्या करारात, काही पुस्तकं जास्त आहेत. आमच्यात ती नाहीत. का नाहीत, हे कुणालाही विचारा — 'ती खोटी आहेत' म्हणतील. वाचलीत का, विचारा. नाही! एक ओळ नाही! न वाचता खोटी ठरवायची, हा कुठला न्याय? जुन्या काळी ग्रीक बोलणारे यहुदी ती वाचत होते, पहिले ख्रिस्ती वाचत होते. यहुद्यांची हिब्रू यादी पक्की झाली तेव्हा ती बाहेर राहिली. मग आमच्या सुधारकांनी त्यांना वेगळं काढलं — पण फेकलं नव्हतं हो! 'वाचायला चांगली, सिद्धान्त ठरवायला नकोत' असं म्हणून दोन करारांच्या मध्ये ठेवलं होतं. पुढे छापणाऱ्यांनी तीही जागा काढून टाकली आणि लोक विसरले. बरं, आमच्याच नव्या करारातल्या एका छोट्या पत्रात अशाच एका वगळलेल्या पुस्तकातलं वचन घेतलंय. वचन तेवढं पवित्र, आणि ते जिथून आलं ते पुस्तक खोटं?

हे सगळं मला ठाऊक होतं. तीस वर्षांपासून. आणि मी कधी कुणापुढे बोललो नाही. कशाला उगाच? असं म्हणायचो मनाशी.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी इकबालभाईंचा लूमचा, म्हणजे कापड विणण्याचा, कारखाना आहे. माणूस इथलाच, पिढ्यान् पिढ्यांचा. एकदा चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "मास्तर, ईसांनी मातीची पाखरं करून उडवली, ती गोष्ट तुमच्या किताबात कुठं हाय?" मी म्हणालो, "आमच्यात नाही." खरं तर येशूच्या बालपणाच्या एका फार जुन्या ख्रिस्ती पुस्तकात ती गोष्ट आहे — यादीत न घेतलेल्या. त्यांच्या किताबात तर ती आहेच; त्यांच्या आणि आमच्या घरात एकच गोष्ट निघाली असती. दोन वाक्यांचं काम होतं. नाही केलं. बघा, मी कुठून कुठे फिरतोय. मुद्द्यावर यायला नको वाटतं, दुसरं काही नाही.

तर सरोजताई.

सरोजताई साळवे आमच्या मंडळीतली. दवाखान्यात आया म्हणून नोकरी केलेली, विधवा, हाताला खरखरीत, बोलायला थेट. रविवारी मुलांचा शास्त्राचा वर्ग तीच घ्यायची. एक दिवस मला म्हणाली, "मास्तर, मुलांना त्याच त्याच गोष्टी सांगून मीच कंटाळलेय. काही वेगळं द्या ना वाचायला." मी भाव खाल्ला. नारपोलीच्या एका रद्दीवाल्याकडून घेतलेलं कॅथलिक बायबल तिला दिलं आणि वर सांगितलं, हे कुणाला दाखवू नका. त्यातली एक गोष्ट मीच तिला खूण करून दिली. परमुलखात नेलेला एक यहुदी, राजाच्या भीतीने लोक ज्यांना हात लावत नाहीत असे आपले मेलेले रस्त्यावरून उचलतो आणि पुरतो. त्यापायी घरदार जातं, पुढे डोळेही जातात. मुलगा लांबच्या प्रवासाला निघतो, सोबतीला एक अनोळखी वाटाड्या आणि घरचा कुत्रा. वाटाड्या खरा कोण, हे शेवटी कळतं. सरोजताईने ती रात्रीत वाचून काढली. सकाळी मला म्हणाली, "मास्तर, असलं पुस्तक बाहेर ठेवलं? कुणी ठेवलं?" मी हसलो. विद्वानासारखा हसलो.

मग इकबालभाईंच्या कारखान्यातला जोहान मेला. ओडिशाचा, लूम चालवायचा. ड्युटीवरच छाती धरून बसला तो उठलाच नाही. कधीमधी आमच्या उपासनेला यायचा, मागच्या बाकावर बसायचा, शेवटचं गीत संपायच्या आत निघायचा. गावी फक्त म्हातारी आई, फोनवर नुसती रडणारी. देह गावी न्यावा असं कुणी नव्हतं. इकबालभाई स्वतः आले. "तुमचा मानूस हाय, मास्तर. तुमच्या रीतीनं माती द्या. बाकी सगळं मी बघतो."

मंडळीची पंच कमिटी बसली. आमची दफनभूमी लहान, जागा फक्त नोंदलेल्या सभासदांना, असा नियम. जोहान नोंदलेला नव्हता. त्याचा बाप्तिस्मा कुठल्या पंथात झाला, त्याचा दाखला कुठाय — अहो, माणूस शवागारात पडलाय आणि हे दाखला विचारतायत! मी तिथेच बसलो होतो. सचिव होतो मी. टिपण लिहीत होतो.

सरोजताई न बोलावता आत आली. हातात ते पुस्तक. उभ्याउभ्याच तिने मेलेल्यांना पुरण्याचा तो भाग वाचला. मग म्हणाली, "ह्याच्यापुढे तुमचा नियम कसला?"

अध्यक्ष थोरात म्हणाले, "हे कुठलं? आपल्या बायबलात हे नाहीच."

आणि मग — अर्थातच — "मास्तरांना विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. काय सांगायचं होतं मला? एवढंच, की हे आपल्या यादीत नाही, पण आपल्याच पूर्वजांनी वाचायला चांगलं म्हटलेलं आहे. आणि मेलेल्या माणसाला माती देणं हा काही वादाचा सिद्धान्त नाही. चाळीस वर्षं फळ्यापुढे उभा राहिलेला माणूस मी. एवढं बोलायला मला काय झालं होतं?

मी म्हणालो, "हे पवित्र शास्त्र नाही. हे असलं त्यांनी कुठून आणलं, मला माहीत नाही."

झालं. एवढंच आहे ते. अर्धं खरं आणि अर्धं धडधडीत खोटं, आणि खरं होतं ते अर्धं खोट्याहून वाईट.

थोरातांनी पुस्तक घेतलं, पहिलं पान बघायला उघडलं. पहिल्या पानावर मी माझं नाव लिहिलेलं होतं, मास्तरांच्या सवयीने, निळ्या शाईत, वळणदार. पान नव्हतं. शिलाईपाशी नीट फाडलेलं होतं. सरोजताई ते घरून फाडून आली होती. मला वाचवायला? की मी काय बोलणार हे तिला आधीच ठाऊक होतं? मी कधी विचारलं नाही. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. रागाने नाही. वर्गात पाठ चुकलेल्या पोराकडे मी बघायचो, तसं.

जागा नाकारली गेली. टिपणात मी लिहिलं, 'सर्वानुमते.'

इकबालभाईंनी दोन दिवस फोन केले. शेवटी कल्याणच्या बाजूला एका कॅथलिक फादरने हो म्हटलं. म्हणे त्याने मेलेल्याचं नाव आणि आईचं नाव, एवढंच विचारलं. टेम्पोत देहासोबत कारखान्यातले चार-पाच जण, इकबालभाई आणि सरोजताई. मी गेलो नाही. गुडघा दुखतोय म्हणालो. गुडघा दुखत नव्हता. परत आल्यावर इकबालभाई मला एवढंच म्हणाले, "जाऊ द्या मास्तर, झालं." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चहाला अजून बोलावतात. मी जातो.

सरोजताईचा वर्ग काढून घेतला. 'मुलांना काहीबाही शिकवते' असं कारण. आणि तो वर्ग कुणाला दिला? मला. मी घेतला! पहिल्याच रविवारी एका मुलीने विचारलं, "सर, त्या कुत्र्याची गोष्ट पुढे सांगा ना." मी म्हणालो, "तशी कुठली गोष्ट नाही." तिने शेजारच्या मुलीकडे पाहिलं आणि वही मिटली. ती गोष्ट सांगणारी बाई खोटारडी ठरली, आणि ठरवणारा मी — तिच्याच खुर्चीवर बसून.

त्यानंतर सरोजताई बरीच वर्षं होती. दर रविवारी यायची. "सलाम, मास्तर," म्हणायची, आमच्यात सगळे म्हणतात तसं. मी "सलाम" म्हणायचो. एवढंच बोलणं. तिने माझं नाव कधी कुणापुढे काढलं नाही, आणि हे तिचं न बोलणं मला कृपा वाटायचं नाही, खरं सांगू? त्रास वाटायचा. एकदा बोलून मोकळी का होत नाही, असा उलट तिचाच राग यायचा. इतका मी खाली गेलो होतो.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. सभासद होती, त्यामुळे जागेचा प्रश्न आला नाही. शास्त्रपाठ वाचायला कुणाला सांगायचं, यावर कुणी फार विचार केला नाही. मी उभा राहिलो. नेहमीचा, सगळ्यांना पाठ असलेला उतारा घेतला. आवाज अजून चांगला आहे माझा. शेवटच्या माणसापर्यंत पोचतो. कबरीच्या पलीकडे इकबालभाई हात बांधून उभे होते. मी वाचलं, माती टाकली, मागे सरलो.

बाहेर पडताना थोरातांनी माझा हात हातात घेतला. "मास्तर, फार छान वाचलंत."

मी म्हणालो, "थँक्यू."