सहा पायऱ्यांवरची लिफ्ट

इमारत अजून नुसत्या विटांची होती, तेव्हा शिलाईकाकूंनी एक भांडण ऐकलं होतं. तेव्हा त्यांना काकू कोणी म्हणत नव्हतं. सव्वीस वर्षांची बाई, हातात गिऱ्हाइकांना दाखवायच्या नमुना-खोलीचे पडदे, आणि जिन्याखाली दोघे जण हमरीतुमरीवर आलेले.

"खड्डा आणखी खोल घ्या," लिफ्ट बसवणारा म्हातारा म्हणत होता. "लिफ्ट जमिनीलगत थांबली पाहिजे."

"खाली पाणी लागतंय," बांधकामाचा मालक म्हणाला. "सहा पायऱ्या चढायच्या की लिफ्ट. त्यात कोणाचा जीव जातोय?"

"माणूस नेहमी असाच राहत नाही, शेठ."

"तुम्ही लिफ्ट बसवा. भविष्य सांगू नका."

शेठने पडदेवालीकडे पाहिलं. "काय हो ताई, जड जातील सहा पायऱ्या?"

ताईंनी पडदे काखोटीला मारले आणि दोन-दोन पायऱ्या टाकत वर जाऊन दाखवलं. शेठ हसला. म्हातारा हसला नाही, कामाला लागला.

पुढे त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर काकूंचं घर झालं. मशीन चालवून त्यांनी संसार ओढला, लेक उजवली, नवऱ्याचं शेवटपर्यंत केलं. पासष्टीला पाय गेले. आधी डावा, मग त्याच्या सोबतीला उजवा. "जोडीने आले, जोडीने गेले," काकू म्हणायच्या. मशीनला त्यांनी हाताचं चाक लावून घेतलं. काम थांबलं नाही. गाडं अडलं ते सहा पायऱ्यांवर.

दर शुक्रवारी समोरच्या दुकानातून दोरा-बटणं आणायला त्या स्वतः जायच्या. दुसऱ्याने आणलेला पांढरा हा त्यांचा पांढरा नसे. पायऱ्यांवरून चाकांची खुर्ची वॉचमनमामा मागून धरायचे, दूधवाला पुढून. पण मामांच्या कंबरेने राम म्हटला होता आणि महिनाअखेर ते काम सोडणार होते. त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या कंपनीच्या रखवालदारांना माणूस उचलायची मनाई. एकटा दूधवाला काय करणार? आणि शेजाऱ्यांत 'काकू, हाक मारा' म्हणणारे पुष्कळ, हाक ऐकू येणारे कमी.

म्हणून काकूंच्या नातीने सरकारी कचेरीत अर्ज दिला. खुर्चीवरच्या माणसाला इमारतीत येता-जाता आलं पाहिजे, असा नियम होताच. नोटीस आली तशी सोसायटी खडबडून जागी झाली आणि फाटकापासून रॅम्प बांधला. तोही काय देखणा! फूटभर चढाला बारा फूट लांबी, दोन्हीकडे कठडा, खरखरीत फरशी. तपासणीच्या साहेबांनी वाकून वाकून टेप लावली, बोटभर चूक सापडेना.

रॅम्प संपला तिथे सहा पायऱ्या सुरू होत होत्या.

"साहेब, आणि पुढे?" काकूंनी वरून, लिफ्टच्या दारातून विचारलं.

साहेबांनी कागद उलटसुलट केला. "रकान्यात 'फाटक ते तळमजला' असं आहे. तळमजला आला की, आजी."

"तळमजला आला. मी यायची आहे."

साहेबांना वाईट वाटलं, ते तोंडावर दिसलंही. पण वाईट वाटण्याला कागदावर रकाना नव्हता. त्यांनी सही केली.

नातीने पुन्हा अर्ज दिला. उत्तर आलं, पूर्तता झालेली आहे. सोसायटीच्या बैठकीत लिफ्टचा खड्डा खोल करायचा विषय निघाला, तर त्यासाठी चार महिने लिफ्ट बंद. पाचव्या मजल्यावरची सून म्हणाली, "काकू, चार महिने आम्ही पायी चढायचं?"

"मलाच विचारतेस होय गं," काकू म्हणाल्या. पण पोरीच्या कडेवर तान्हं होतं. काकूंनी विषय सोडला. कोणाला दोष द्यावा, तर त्या पायऱ्या पहिल्यांदा दोन-दोन करत चढून दाखवल्या त्यांनी स्वतःच.

मामांचा शेवटचा शुक्रवार आला. "धरलंय काकू, घाबरू नका," मामा म्हणाले. दूधवाल्याने पुढून तोललं. सहा हिसके बसले. मग रॅम्पवरून खुर्ची लोण्यासारखी उतरली.

दुकानात काकूंनी निळ्या सदऱ्याची चिंधी उजेडात धरली, तीन डबे नाकारले, चौथ्यातली बटणं पसंत केली.

"काकू, जास्तीची नेऊन ठेवा ना," बटणवाला म्हणाला. "आता पुढे..." आणि अडखळला.

"सदरा एक आहे. सात दे, आणि तुटलं तर एक."

परतताना सहा पायऱ्यांत मामा दोनदा थांबले. वर आल्यावर खुर्ची लिफ्टमध्ये सरळ केली, चाकाचा ब्रेक लावला, नेहमीसारखा आत हात घालून तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं आणि जाळी ओढून घेतली.