खारूताईचा गुन्हा

चौदा मजली काचेची इमारत दोराला लटकून पुसायची, तीही सलग बावीस वर्षं, हे काही ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. खारूताई ते करायची. हे नाव कंपनीतल्या लोकांनी ठेवलेलं, पण तिला आवडायचं. शनिवारी शेवटची काच लख्ख झाली, की ती भिंतीला पाय रेटून दोन-चार मनसोक्त झोके घ्यायची आणि मगच खाली उतरायची. त्यानं आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

नव्या मॅनेजरसाहेबांचं मात्र बिघडलं. त्यांनी इंग्रजीत नोटीस धाडली: कामाच्या जागी 'स्कायलार्क' केल्याबद्दल सोमवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर दोर काढून घेऊन जिने पुसायला लावू. जिने? त्यापेक्षा घरी बसलेलं बरं!

त्या शब्दाचा अर्थ कुणालाच सांगता येईना. नवरा म्हणाला, "काहीतरी चावट असणार." तिनं असं काही पाहिलं, की तो निमूट भाजी चिरायला बसला. शेवटी तिनं वाचनालयात नोकरीला असलेल्या नणंदेला गाठलं. नणंदेनं जाडजूड शब्दकोश काढला, तो पुरेना म्हणून जहाजांवरचं एक जुनं पुस्तकही काढलं.

"वहिनी, अर्थ आहे मस्ती करणं, हुंदडणं. पण मूळ ऐक! शिडाच्या जहाजांवरचे खलाशी डोलकाठीवर चढायचे, दोरांवर खेळायचे, घसरत खाली यायचे. त्याला हा शब्द."

"अगं, म्हणजे माझंच की!"

"थांब ना. आरमारात तर कप्तानच तसा हुकूम सोडायचा. संध्याकाळी, काम उरकल्यावर. माणसं मरगळू नयेत म्हणून."

खारूताईनं खुलासा लिहिला: 'गुन्हा कबूल. फक्त आमच्याकडे हुकूम द्यायला कप्तान नव्हता.'

साहेबांनी तो दोनदा वाचला. हसू दाबायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला, पण मिशीनं दगा दिला. दोर आणि तिचा कमरेचा पट्टा स्वतः तपासून त्यांनी नोटीस मागे घेतली.

शनिवारी काम संपलं, तेव्हा साहेब खाली घड्याळ धरून उभे. "पाच मिनिटं! हुकूम आहे!"

खारूताईनं झोका घेतला. दुसरा घेतला. छे, मजाच येईना! तरी पाच मिनिटं तिनं इमानेइतबारे भरली. साहेब समाधानानं आत गेले.

ती तशीच लटकून राहिली. दार लागलेलं नीट पाहिलं. मग पाय रेटले, आणि बावीस वर्षांतला सगळ्यात लांब झोका घेतला.