मागच्या सीटवर बाबा

समुपदेशक होण्याआधी क्लचताई गाडी चालवायला शिकवायच्या. शेजारी बसून रस्त्याकडे बघताना माणसं घरातलं सगळं भडाभडा बोलतात, हे त्यांना तिथेच कळलं. मग त्यांनी रीतसर शिक्षण घेतलं, पण टोपणनाव काही सुटलं नाही.

आज मात्र त्या टेकीला आल्या होत्या. आईबाबा वेगळे झाल्यापासून समोरची मुलगी बाबांशी अवाक्षर बोलत नव्हती. तिला काहीही विचारलं की उत्तर बाबाच देत होते.

क्लचताईंनी दोन खुर्च्या शेजारी-शेजारी मांडल्या, मुलीच्या हातात डब्याचं गोल झाकण दिलं आणि बाबांना मागे स्टुलावर बसवलं.

"चला मॅडम, काढा गाडी!"

मुलीने झाकण गर्रकन फिरवलं. क्लचताई वळणासरशी झुकल्या आणि खुर्चीसकट कलंडता कलंडता वाचल्या.

"तिला म्हणायचंय की ती..." बाबा सुरू झाले.

"बाबा, मागच्यांनी बोलायचं नाही!" मुलगी ओरडली. "आणि घट्ट धरा, पुढे घाट आहे!"

बाबांनी दोन्ही हातांनी स्टूल धरलं. घाट संपेपर्यंत त्यांनी तोंडाने फक्त हॉर्न वाजवला, तोही तिने सांगितलं तरच.