सतराव्या प्रकरणातलं काळं पान

एकोणसत्तराव्या वर्षी व्हर्ना टॅकेटनं हेरकथा लिहायला घेतली, तेव्हा तिच्या बहिणीनं फोनवर विचारलं, "अगं, विणकाम काय वाईट होतं?" विणकाम काहीच वाईट नव्हतं. पण विणकामानं नवऱ्याचं तोंड उघडत नाही, आणि व्हर्नाला तेच उघडायचं होतं.

नवरा, ऑरिन, त्र्याहत्तर वर्षांचा. दोघंही एकाच सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. कुठली कचेरी, हे व्हर्जिनियातल्या त्या गल्लीत कुणी विचारत नसे, कारण गल्लीतली निम्मी घरं तिथलीच. चर्चच्या जेवणाला शेजारी एकमेकांपुढे हॅम भरलेले छोटे पाव सरकवत, बागेतल्या झुडपांवर तासभर बोलत, आणि "सध्या काय काम चाललंय?" हे चुकूनही विचारत नसत. व्हर्नाची नोकरी फाइलींच्या खोलीत, ऑरिनची परदेशात. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, पण तो तिकडे काय करायचा याचं अवाक्षर तिच्या कानावर पडलं नव्हतं. मौनाच्या शपथेवर सही दोघांचीही होती. ऑरिन मात्र ती सही कपाळावर गोंदल्यासारखा वागायचा.

एकसष्ट सालच्या जुलैत तो ठरल्यापेक्षा सहा दिवस उशिरा घरी आला. अंगानं निम्मा झालेला. तेव्हापासून त्याला एक खोड लागली. सहलीहून निघताना, खानावळीतून उठताना, चर्चच्या पायऱ्या उतरताना तो बरोबरची माणसं मोजायचा. एकदा मोजून समाधान नाही, पुन्हा मोजायचा. मुलं मोठी झाली, नातवंडं आली, मोजणी चालूच. "आजोबा, आम्ही काय मेंढरं आहोत?" असं नात विचारी आणि सगळे हसत. ऑरिन हसत नसे. हा माणूस कुठेतरी कुणालातरी मागे ठेवून आलाय, हे कळायला व्हर्नाला हेरगिरी शिकावी लागली नाही.

एवढी वर्षं तिनं ते सोसलं. पण जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं की ऑरिनच्या हृदयाची एक झडप कामातून गेली आहे. शस्त्रक्रियेला तो नाही म्हणाला, आणि एकदा नाही म्हणाला की संपलं. आता व्हर्नाला घाई झाली. मनातलं ते भूत बरोबर घेऊन हा माणूस मरणार, आणि आपण त्याच्या उशाशी बसूनही परक्या राहणार, या विचारानं तिला रडू यायचं आणि लगेच राग यायचा. रागातच तिनं टाइपरायटर माळ्यावरून खाली काढला.

तिच्या नायकाचं नाव कार्व्हर. गुप्तहेर, एकटा, आणि जाईल तिथे माणसं मोजणारा. रोज न्याहारीला ती आदल्या दिवशीची पानं मोठ्यानं वाचून दाखवी. त्यात मुद्दाम चुका पेरी. चूक दुरुस्त करायची हौस कुठल्या पुरुषाला नसते? एक शब्द निसटला की झालं.

"कार्व्हरनं प्रागच्या समुद्रकिनाऱ्यावर बोट लावली," तिनं वाचलं.

ऑरिननं टोस्टला लोणी लावलं. "छान."

"प्रागला समुद्र आहे?"

"गोष्ट तुझी आहे, व्हर्न. समुद्रही तुझाच. मुरंबा दे."

एकदा तिनं सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून कार्व्हरकडून अकरा गोळ्या झाडून घेतल्या. ऑरिन म्हणाला, "नेम बरा आहे त्याचा." दगडाला पाझर फुटेल, पण हा बाबा ढिम्म. सोळाव्या प्रकरणापाशी कंटाळून तिनं वाचून दाखवणंच सोडून दिलं.

पुस्तक पूर्ण झालं. आता नियमाप्रमाणे ते कचेरीकडे तपासायला पाठवायचं होतं. शपथ घेतलेल्या माणसानं काहीही लिहिलं तरी ते आधी तिथे जातं. शेजारच्या वेंडेलनं डेलियाच्या फुलांवर पुस्तक लिहिलं, तेसुद्धा गेलं आणि शिक्का घेऊन परत आलं. पाच आठवड्यांनी व्हर्नाचं जाडजूड पाकीट आलं. तिनं ते स्वयंपाकघरातच उभ्या उभ्या फाडलं.

पिस्तुलं स्वच्छ. विष, भुयार, बनावट पासपोर्ट, सगळं जसंच्या तसं. वेंडेलच्या डेलियांइतकंच निरुपद्रवी. तिला थोडा अपमानही वाटला. मग तिनं सतरावं प्रकरण उघडलं. एक आख्खं पान वरपासून खालपर्यंत काळ्या शाईनं सारवलेलं होतं.

त्या पानावर तिनं काय लिहिलं होतं? जुलै महिना, एक बारकं स्टेशन, कार्व्हर एका शाळामास्तराला सरहद्दीकडे घेऊन निघालेला. मास्तर फलाटावरच्या म्हातारीकडून फळं घ्यायला उतरतो, गाडी सुटते, मास्तर मागे राहतो. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. इस्त्री करता करता सुचलं होतं. तीनशे पानांत तिनं कल्पनेचे इतके घोडे दौडवले, आणि त्यातला नेमका हाच कचेरीला झोंबला होता.

 तिनं लगेच फोन लावला.

पलीकडे एक तरुण मुलगी होती, आवाजावरून नुकतीच नोकरीला लागलेली.

"गावाचं नाव बदलते," व्हर्ना म्हणाली.

"नाही चालणार, मॅडम."

"मास्तराची नर्स करते. गाडीची बस करते."

"ते पान तसंच राहील, मॅडम."

"का राहील ते तरी सांग."

"कारण सांगता येत नाही."

"म्हणजे कारण आहे."

 मग ती मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही इथेच नोकरी केलीत. मला कशाला अडचणीत आणता?"

व्हर्नानं तिचे मनापासून आभार मानले आणि फोन ठेवला.  फाइलींच्या खोलीत एकवीस वर्षं काढलेल्या बाईला एक नियम तोंडपाठ होता. कचेरीला मदत करणारा परदेशी माणूस मेला, किंवा वीस वर्षं त्याचा ठावठिकाणा लागला नाही, तर त्याच्या फाइलीवरची बंदी उठते. इथे तर पस्तीस वर्षं उलटली होती. आणि बंदी कायम होती.

ती पान घेऊन गॅरेजकडे जवळजवळ धावत गेली. ऑरिन गवत कापायच्या यंत्राच्या पात्यावर कानस घासत होता. तिनं पान त्याच्यापुढे ठेवलं.

"शाई सांडलीस?" त्यानं विचारलं.

"मी नाही. आपल्या कचेरीनं." आणि त्या पानावर काय होतं ते तिनं त्याला सांगितलं. फलाट, मास्तर, सुटलेली गाडी, सगळं. ऑरिनची कानस थांबली. तो पानाकडे बघत राहिला, जणू शाईखालचं त्याला वाचता येत होतं.

मग तिनं फाइलींचा नियम सांगितला. न अडखळता, एका दमात.

"व्हर्न, हे तू मला सांगायचं नव्हतंस. शपथ आहे."

"ठाऊक आहे. कधी कुणाला सांगितलं नाही, आज तुला सांगितलं. कर जा माझी तक्रार." तिचा आवाज चढला. "डोकं चालव, ऑरिन. मेलेल्या माणसासाठी कुणी एवढी शाई खर्च करत नाही. तो जिवंत आहे, आणि तो कुठे आहे हे कुणालातरी माहीत आहे."

ऑरिननं मागे न बघताच उपड्या बादलीवर बूड टेकलं. त्याचा चेहरा तिनं एवढ्या वर्षांत कधी असा पाहिला नव्हता. ती घाबरली, त्याच्या हृदयाची झडप आठवली. पण तो नीट श्वास घेत होता.

"तुझा मास्तर काय घ्यायला उतरला?" त्यानं विचारलं.

"नासपती. का?"

"जुलैत कुठली नासपती?" तो चिडून म्हणाला. "जर्दाळू होते. म्हातारीकडे पिशवी नव्हती, म्हणून त्यानं टोपी पुढे केली. टोपी भरेपर्यंत गाडी हलली." त्यानं कानस खाली ठेवली.  "मी खिडकीत होतो. हाक मारली असती तर त्याला ऐकू आली असती. मी मारली नाही. फलाटावर पोलीस होते, दोघंही सापडलो असतो."

व्हर्ना त्याच्यासमोर थंड फरशीवर बसली आणि तिनं त्याचे तेलकट हात धरले.

"त्याचं नाव काय होतं, ऑरिन?"

त्यानं उघड्या दारातून बाहेर, रस्त्याकडे एकदा बघून घेतलं.

"लिहून घेऊ नकोस," तो म्हणाला, आणि त्यानं नाव सांगितलं.