तात्यांची दुसरी फेरी

समितीच्या बैठकीत सुभेदार तात्या कधी चहा घेत नसत. पिंपळवंडीहून एसटीने यायचे, आणि कप पुढे केला की म्हणायचे, "ज्यांच्याबद्दल ऐकायचंय, त्यांचा चहा नको, भाऊ." मी खजिनदार. तिकिटाचे पैसे देऊ केले, तर तेही नको.

जुन्नरचं आमचं वसतिगृह फौजेतल्या जवानांच्या मुलांचं. बाप सीमेवर, आई गावाकडे, मुलगा आमच्याकडे. पालकांच्या तक्रारी आमच्याविरुद्ध असत आणि त्या निकाली काढणारेही आम्हीच. पालकांत कुरबुर वाढली, तेव्हा समितीबाहेरचा माणूस म्हणून निवृत्त सुभेदार तात्यांना नेमलं. वर्षातून दोनदा येतील, सही करतील, हा आमचा अंदाज साफ चुकला. तक्रारीचा निकाल लागून महिना झाला की ते न कळवता पुन्हा हजर. "मिटलं का न्हाई, ते तुमी नका सांगू. ज्यानं तोंड उघडलं त्याचं पुढं काय झालं, ते मला बघू द्या." गेल्या हिवाळ्यात तात्या वारले, पण त्यांचं एक प्रकरण अजून आठवतं.

पेठ गावचा ओंकार नववीत होता. दोन दिवस तापाने फणफणला, तरी रेक्टरांनी त्याला घरी फोन करू दिला नाही. आईने तक्रार केली. तात्यांनी चौकशी केली, रेक्टरांची चूक ठरली, आजारी मुलाने त्याच दिवशी घरी बोलायचं असा नियम झाला. आम्ही फाईल बंद केली.

महिन्याने तात्या आले, तर ओंकारची कॉट रिकामी. शेजारचा मुलगा म्हणाला, "त्याला सगळे कंप्लेंटवाला म्हनायचे. रेक्टर सर पन. गेला घरी."

तात्यांनी माझ्यासमोरच ओंकारच्या आईला फोन लावला. "जाऊ द्या तात्या," ती म्हणाली. "ह्यांचा सीमेवरून फोन आला व्हता. वाढवू नको म्हनले, माझ्या साहेबाच्या कानावर गेलं तर मलाच तरास. आन् पोरगं आता शाळाच नको म्हनतंय."

फोन ठेवून तात्या म्हणाले, "हितला रेक्टर कुठं, तिकडचा साहेब कुठं! भीती बघा, कुठवर जाती." आणि त्या कॉटवर बसले.

"तात्या, उठा की," रेक्टर म्हणाले. "मुलांची खोली आहे."

"पोरगं येईस्तोवर मी हितंच. माझी तक्रार लिहून घ्या पायजे तर."

तीन दिवस बसले. जेवणाचा डबा आणि रक्तदाबाच्या गोळ्या पोचवायचं काम माझ्याकडे. समितीच्या अध्यक्षांचा फोन यायचा, "हे लचांड तुम्हीच आणलंत." मला समजावण्याचाच कंटाळा आला होता, अध्यक्षांनाही आणि तात्यांनाही. मुलं मात्र खूश. तात्या त्यांना पलटणीतल्यासारखी चादर ताणायला शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी रात्री रेक्टर माझ्याकडे आले. "राव, तात्या बसल्याचं गावभर झालंय, तोंड दाखवायची सोय राहिली नाही. करू काय मी?"

"पेठला जा," मी म्हणालो. "माफी मागा."

ते सकाळच्या एसटीने गेले. त्या घरात काय बोलणं झालं, मला माहीत नाही. संध्याकाळी ओंकारला घेऊन आले. दप्तर छातीशी धरून ओंकार दारात उभा. त्याने एकदा रेक्टरांकडे पाहिलं, मग तात्यांकडे.

"तात्या," तो हळूच म्हणाला, "ही माझी कॉट हाय."

तात्या गुडघ्यावर हात टेकून उठले. "हाय की," ते म्हणाले. "गादी टाक."